तफीदाकाकूचं पथ्य

माझी सासू तफीदा मेलेल्या जनावराचं आतडं हातात आलं की गाणं म्हणायची आणि जिवंत माणूस समोर आला की शिव्या घालायची. सगळी वस्ती तिच्या तोंडाला टरकून असे. मीसुद्धा. मी वहीबा, तिच्या धाकट्या दिराची मुलगी आणि तिच्याच मुलाची बायको. आमच्याकडे पोरगी चुलत घरातच देतात, म्हणजे भांडण घराबाहेर जात नाही. लहानपणी काकू म्हणून तिचा मार खाल्ला, मोठेपणी सासू म्हणून टोमणे खाल्ले. लग्नानंतरही मी तिला काकूच म्हणायचे. माझ्याइतकं तिला कुणी ओळखत नाही, म्हणून तिच्याबद्दल बोलायचा हक्क माझा.

काकू मुंबार करायची. मेंढ्याचं आतडं बोरूच्या काडीवर चढवून उलटं करायचं, मीठ, लिंबू आणि पीठ लावून घासायचं, पाणी नितळ येईस्तोवर धुवायचं. मग तांदळात टोमॅटो, शेपू, कोथिंबीर, मिरी कालवून ते आत भरायचं. गच्च भरायचं नाही, नाही तर भात फुगला की सगळं फुटून पातेल्यात येतं. आधी उकडायचं, मग तुपात लाल करायचं. बाजाराच्या दिवशी असयूतहून लोक तिच्या परातीसाठी नाईल ओलांडून यायचे. परातीमागे ती हुक्क्याची नळी तोंडात धरून बसायची आणि घासाघीस करणाऱ्याला म्हणायची, "तुझ्या आईने तुला फुकट दिलं म्हणून मी पण देऊ का?"

तिच्या नवऱ्याला, माझ्या दर्दीरकाकाला, नस्सार घराण्यातल्या बदरीने मारलं. पाण्याच्या पाळीवरून. काका कालव्याचं दार उघडायला वाकला होता आणि बदरीने मागून डोक्यात फावडं घातलं. समोरून घातलं असतं तर काकू कदाचित इतकी पेटली नसती. "वाकलेल्या माणसाला मारलं," ती म्हणायची, "कुत्रासुद्धा भुंकून चावतो." सरकारने बदरीला तुरुंगात टाकलं. पण सरकारचा न्याय सरकारपाशी. आमच्याकडे खून झालेल्या माणसाचा शोक तोवर घेत नाहीत, जोवर रक्ताला रक्त मिळत नाही. मंडप नाही, कुराण लावणं नाही, कुणी भेटायला आलं तर कॉफी नाही. काका गेला तेव्हा बायका रडायला आल्या, तर काकू दारात आडवी उभी राहिली. "इथे कुणी मेलेलं नाही. कुणी मेलं की बोलावीन," म्हणाली आणि आतडी धुवायला बसली.

तेव्हा शाजली, तिचा एकुलता एक मुलगा, पाळण्यातून नुकता उतरला होता. काकूने त्याला सुडासाठी वाढवलं आणि तो निघाला पाण्याचे पंप दुरुस्त करणारा, कबुतरं पाळणारा. कबुतर मेलं तर हा माणूस रात्री जेवत नाही. मला त्याचा हाच मऊपणा आवडतो, उगाच कशाला खोटं बोलू? काकूला मात्र त्याने अंगाचा तिळपापड व्हायचा. "वाघिणीच्या पोटी कबुतर आलं," ती माझ्यादेखत म्हणायची. मी म्हणायचे, "काकू, वाघ नवरा तुम्हाला लखलाभ, मला कबुतर चालतं." त्यावर ती जे म्हणायची ते सांगण्यासारखं नाही.

मग बदरी सुटून आला. म्हातारा झालेला, खोकणारा, पण जिवंत. पहिल्याच शुक्रवारी आमच्या दारावरून मशिदीत गेला. आणि त्याच दिवसांत काकूचं जेवण तुटलं.

आधी दोन घास कमी, मग अर्धी भाकरी, मग ताटावर नुसतं बसणं. काकू म्हणजे एका बैठकीत ताटभर मुलूखियाची पातळ पालेभाजी आणि उन्हात फुगवलेली अख्खी भाकरी खाणारी बाई. तिची गालफडं बसली, बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. वस्तीने बघितलं आणि वस्तीला लगेच कळलं. आमच्या वस्तीला सगळं लगेच कळतं, चुकीचं कळतं एवढंच. बायका एकमेकींच्या कानात सांगू लागल्या: बदरी श्वास घेतोय तोवर तफीदा अन्नाला शिवणार नाही. जुन्या बायकांनी असं केल्याच्या गोष्टी आहेत आमच्याकडे. बाई अन्न सोडते, आणि तिचा मुलगा समजायचं ते समजतो.

मी मात्र तिच्या मागावर होते. एका संध्याकाळी ती चार घास खाऊन उठली आणि जरा वेळाने भट्टीमागे गेली. मी हळूच बघते तर बाई गुडघ्यावर बसलेली, पोटात दोन्ही मुठी खुपसलेल्या, ओढणीचा पदर दातांत धरलेला. कपाळावरून घाम गळत होता.

"काकू! काय होतंय?"

"काही नाही. तुझा काका बोलावतोय मला. आतून ओढतोय."

"काका बोलावतो तर जेवल्यावरच कसा बोलावतो? उपाशीपोटी का नाही बोलावत?"

"जिभेला हाड नाही मेलीच्या!" तेवढ्या कळांतही तिने हाताला लागलं ते सरपण माझ्याकडे भिरकावलं. "कुणापाशी बोललीस तर जीभ उपटून मुंबारमध्ये भरीन."

खरं सांगू? ती भरेल याची मला खात्री होती, म्हणून मी गप्प राहिले. पण मला एक कळलं होतं. काकूने अन्न सोडलं नव्हतं. अन्नाने काकूला सोडलं होतं. भूक तर तिला लागायचीच, नजर सारखी परातीवर. पण खाल्लं की कळ, म्हणून खायचीच भीती. आणि वस्तीने तिला जी पतिव्रतेची शाल पांघरली ती तिने मुकाट्याने अंगावर घेतली. बायका यायच्या, तिचे हात हातात घेऊन म्हणायच्या, "शाजलीच्या आई, धन्य तुमची!" काकू डोळे मिटून बसायची. नाही म्हणायची नाही, हो म्हणायची नाही.

इकडे शाजलीचं जगणं मुश्किल झालं. कॉफीच्या टपरीवर गेला की कुणीतरी मोठ्याने विचारायचं, "काय शाजली, कबुतरं जेवली का? आणि आई?" पंप दुरुस्तीला बोलावून लोक त्याच्या हातात पाना देताना म्हणायचे, "हात थरथरत नाही ना रे तुझा?" तो ऐकून घ्यायचा. घरी येऊन आईसमोर बसायचा. "आई, एवढं एक अंडं खा. माझ्यासाठी." ती तोंड फिरवायची. तो बिचारा त्यातून जे समजायचं ते समजायचा.

आणि सूड म्हणजे बदरीला मारणं नव्हे, तेही सांगून ठेवते. खोकणाऱ्या म्हाताऱ्याला मारून कुणाचं काय जातं? आमच्याकडे समोरच्या घरातलं सोनं उचलतात. नस्सारांचं सोनं म्हणजे बदरीचा मुलगा अस्रान. असयूतच्या मोठ्या इस्पितळात सर्जन, सगळ्या खोऱ्यातले लोक त्याच्याकडे पोट फाडून घ्यायला जातात. शिकला, परदेश बघून आला, आणि तरी आईला भेटायला दर महिन्याला वस्तीत यायचा. त्याने आमचं काय वाकडं केलं होतं? काही नाही. म्हणूनच तो.

मला कबुतरखान्यात, अंड्यांच्या मडक्यामागे, फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल सापडलं. एक तर नस्सार शाजलीला मारतील, नाही तर सरकार फासावर देईल. तिसरी गोष्ट नाही. मी तडक काकूकडे गेले. ती भिंतीला टेकून हुक्का ओढत होती. हुक्का काही सुटला नव्हता, बरं का.

"काकू, त्याला सांगा. पोट दुखतं म्हणून जेवत नाही एवढंच सांगा. बाकी काही मागत नाही मी."

"मी त्याला मार म्हटलंय का? एकदा तरी?"

"न म्हणता म्हणताय की! तुमचं पोर फासावर जाईल!"

"माझा नवरा गेला तेव्हा तू कुठे होतीस?"

"मी दूध पीत होते!"

"मग दूधच पी. पोट माझं, सूड माझा."

दात-ओठ खात मी बाहेर आले. तिचा गळा दाबावासा वाटला, अल्लाशपथ. शाजलीला मीच सांगितलं, की तुझ्या आईला आजार आहे, मी डोळ्यांनी बघितलंय. तो थकल्यासारखा हसला. "तुला विधवा व्हायची भीती वाटते, म्हणून म्हणतेस." बायकोचं खरं आणि आईचं मौन, यात पुरुष काय ऐकतो ते तुम्हाला सांगायला नको.

बकरी ईद आली. घरोघर मेंढे कापले आणि आतड्यांचे ढीग काकूकडे आले. तिने बसून सगळं मुंबार केलं, हातांची कातडी हाडांना चिकटलेली होती तरी. दुपारी मी आत गेले तर ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून खात होती. गरम गरम, दोन्ही हातांनी, तूप मनगटावरून ओघळतंय. मला बघून तिने घास गिळला आणि म्हणाली, "ईद आहे." एवढंच. मला आयुष्यात पहिल्यांदा तिची दया आली.

तासाभरात ती ओरडायला लागली. आजवर ओढणी चावून दाबलेलं सगळं बाहेर पडलं. पोट धरून गडाबडा लोळली, ओकली, काकाचं नाव घेतलं, बदरीच्या सात पिढ्या काढल्या. तेलाचं बोट लावलं, जिऱ्याचं पाणी पाजलं, कशाचा उपयोग नाही. पोट वरून मऊ होतं, दाबलं तरी विशेष काही लागेना, आणि बाई मात्र कासावीस. शेजारणी म्हणाल्या, आतून रक्त हाक मारतंय. आणि मग एकदम ती शांत झाली. कळ गेली. गार पडून राहिली, डोळे अर्धे मिटलेले. "सुटली बाई कळांतून," शेजारणी म्हणाल्या. मी तिच्या पोटाला कान लावला. माणसाच्या पोटात काही ना काही गुरगुरतच असतं. काकूच्या पोटात कसलाच आवाज नव्हता.

शाजली आत आला. त्याला वाटलं उपासाने आई संपली. त्याने तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि कानात म्हणाला, "आई, आजच करतो. तू ऐकून जा."

आणि ती हसली. ओठांच्या कोपऱ्यातून, जराशीच. मी बघितलं. ते हसू बघून माझी दया उडून गेली. मरताना बाई पोराला फासावर देत होती आणि तृप्त होत होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी बघितला.

"पिकअप काढ!" मी शाजलीवर ओरडले. "आधी इस्पितळ, मग तुझा खून-बिन काय तो कर! नाही तरी अस्रान तिथेच आहे!"

बहुधा यातलं शेवटचं वाक्यच त्याला पटलं. पिस्तुलाचं फडकं त्याने कंबरेला खोचलं ते मी बघितलं. रस्ताभर मी पाठीमागे काकूचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मला कळत नव्हतं की ती वाचावी म्हणून दुआ मागतेय की शाजली वाचावा म्हणून.

सणाचा दिवस, इस्पितळात मोजकी माणसं. पोटाचा सर्जन म्हणून जो धावत आला तो अस्रानच. उंच, बापासारखं नाक. त्याने काकूचं पोट तपासलं, कान दिला, नाडी बघितली. नाडी वेडीवाकडी पडत होती. मग नाव विचारलं.

"तफीदा. दर्दीरची बायको," मी म्हणाले.

त्याचा हात क्षणभर काकूच्या पोटावर तसाच राहिला. मग त्याने शाजलीकडे आणि शाजलीच्या कंबरेकडे बघितलं. आमच्या भागातला डॉक्टर, त्याला फडक्यातलं काय ते कळायला वेळ लागत नाही.

"जेवल्यावर दुखायचं का हिला?" त्याने विचारलं.

"जेवतच नाही ती," शाजली म्हणाला. "का, ते तुम्हाला माहीत आहे."

"जेवल्यावर दुखायचं," मी मध्येच म्हणाले. "दर वेळी. बरेच महिने. भट्टीमागे जाऊन तोंडात पदर धरायची."

अस्रानने शाजलीला भिंतीशी नेलं. मी कान टवकारून उभी. "नीट ऐक," तो म्हणाला. "आतड्याला स्वतःची वीज असते. हृदयाला असते तशीच. मिनिटाला दहा-बारा लाटा उठतात, वरून खाली जातात, आणि त्या लाटेवर आतडं अन्न पुढे ढकलतं. ती वीज रक्तावर चालते. तुझ्या आईची आतड्याला जाणारी नळी चोंदत आलेली असणार. उपाशी असताना जेमतेम पुरायचं. जेवली की आतडं जास्त रक्त मागायचं, ते मिळायचं नाही, म्हणून कळ. आज नळी पूर्ण बंद झाली. आधी आतडं भांडतं, आवळून आवळून ओरडतं. मग लाटा मंद होतात. मग थांबतात. ती शांत झाली म्हणजे बरी नाही झाली. तिचं आतडं विझत चाललंय."

शाजली पंपवाला. तो म्हणाला, "म्हणजे मोटर बिघडलेली नाही. पुरवठा तुटलाय."

"बरोबर. पण पुरवठा तुटून फार वेळ गेला की मोटर पण जळते. पोट आत्ता उघडलं तर काही वाचेल."

"म्हणजे..." शाजलीचा चेहरा असा झाला की मला बघवेना. "म्हणजे उपास नव्हता?"

"उपास नव्हता."

"माझ्यासाठी नव्हता?"

अस्रानने एकदा काकूच्या खाटेकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "तू मला मार, नाही तर तिला कापू दे. दोन्ही एकदम करू नकोस. माझा हात थरथरला तर तिचंच आतडं फाटेल."

शाजलीने फडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते झग्यात खुपसलं. तेवढ्या वेळात माझ्या मनात एकदा आलं, की ही बाई टेबलावर गेली तर गेली, माझा नवरा तरी राहील. आलं मनात, सांगते. लपवू कशाला?

अस्रानने नळीत अडकलेली रक्ताची गाठ काढली. रक्त सोडलं आणि वाट बघत थांबला. त्याचा तो अभ्यासाचाच विषय होता म्हणे. आतड्यावर जागोजागी केसासारख्या बारीक तारा लावून तो लाटा बघायचा. नंतर त्यानेच सांगितलं. काळंनिळं पडलेलं आतडं हळूहळू लाल व्हायला लागलं, पण नुसत्या रंगावर त्याचा भरवसा नव्हता. जिथे लाट परत आली, आधी मंद, मग बरी, ते ठेवलं. जिथे रेघ सपाट राहिली ते कापून टाकलं, दोन्ही टोकं जोडली. हातभर गेलं, बाकी वाचलं. मी विचारलं, "कापलेलं कुठे टाकलं?" तो म्हणाला, "वहिनी, त्याचं मुंबार नाही होत." त्या दिवसांत मी हसले ती तेवढीच.

काकू शुद्धीवर आली आणि तिला कळलं की कुणी कापलं. मला वाटलं टाके तुटणार. "नवऱ्याचं डोकं फोडलं, आता माझं पोट फाडलं! नस्सारांना आमच्या घराचं काही अख्खं बघवत नाही!" अस्रान रोज यायचा, पोटाला कान द्यायचा आणि सगळ्या वॉर्डसमोर विचारायचा, "मावशी, वारा सरला का?" म्हणजे आतडं जागं झालं का. जागं झाल्याशिवाय खायला देता येत नाही. काकू छताकडे बघत म्हणायची, "तुझ्या बापाला विचार." अखेर एका सकाळी असा दणकून वारा सरला की पलीकडच्या खाटेवरची बाई "माशाल्ला!" म्हणाली. काकूने त्याला कळू नये म्हणून खोटं सांगायचा प्रयत्न केला, पण वॉर्ड फितूर निघाला.

त्याच दुपारी शाजली तिच्या उशाशी बसला. "आई, तू आजारी होतीस. माहीत होतं तुला."

"दुखत होतं, हे माहीत होतं."

"मी याला मारणार होतो. तुझ्या उपासापायी. तू हसलीस."

"मारलं असतंस तर बरं झालं असतं," काकू म्हणाली. "मी सुखाने मेले असते."

"आणि मी?"

तिने मान भिंतीकडे वळवली. शाजली उठून गॅलरीत गेला. त्या दिवसानंतर तो तिच्याशी आदराने वागला, औषधं वेळेवर दिली, पण "माझ्यासाठी खा" असं पुन्हा म्हणाला नाही. काकूला ते टाक्यांपेक्षा जास्त लागलं, मला माहीत आहे.

अस्रान स्वतः वाटी घेऊन आला. भाताची पेज. चमचा तिच्या तोंडापाशी नेला. काकूने ओठ घट्ट मिटले. आमच्याकडे ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी वैर धरता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत. भुकेने तिचे डोळे वाटीत बुडाले होते.

"यात मीठ आहे?" तिने विचारलं.

तो समजला. आमच्याच मातीतला तो. "नाही, मावशी. मुद्दाम अळणी आणलीय."

मग ती प्यायली. वाटी चाटून पुसून.

आम्ही घरी आलो आणि आठवड्यातच नस्सारांचे वडीलधारे आले. आमच्या मुलाने तुमची बाई वाचवली, आता वैर मिटवा. बदरी स्वतःचं कफन हातांवर घेऊन अनवाणी येईल, त्याच्या जागी मेंढा कापू, एकत्र जेवू. शाजली आधीच तयार होता. पण पुरुषांनी हात मिळवून भागत नाही. ज्या बाईचा माणूस मेला तिने त्याच ताटातलं मीठ खाल्लं, तरच गाठ पक्की बसते. सगळ्यांनी काकूकडे बघितलं. मला वाटलं आता चप्पल उडणार.

"येऊ दे," काकू म्हणाली. "मुंबार मी करीन."

पाहुणे खूश होऊन गेले. काकू एवढ्या सरळपणे कधी 'हो' म्हणाली नव्हती.

ठरल्या दिवशी सगळी वस्ती गोळा झाली. बदरी आला. डोकं उघडं, पाय उघडे, हातांवर घडी केलेलं पांढरं कापड. तो खोकत होता. शाजलीने कापड उचललं, म्हणाला, "अल्लासाठी माफ केलं." मेंढा बदरीच्या शेजारी आडवा पाडून कापला. बायकांनी हंबरडा फोडला. मी शाजलीकडे बघत होते. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना मला दिसलं, आणि मलाही रडू आलं.

काकूने परात मागवली. आतडी गरम होती, वाफ निघत होती, आणि अजून हलत होती. एका टोकाला आवळायची, ती लाट पुढे सरकायची, मग दुसरी. ताज्या आतड्याचं असंच असतं, रक्त तुटलं तरी जरा वेळ चालत राहतं. काकूने परात बदरीच्या पायांशी ठेवली.

"जवळ ये," ती म्हणाली. "बघ. तुझ्या जागी हा गेला ना? नीट बघ."

बदरी बघत राहिला. सगळे बघत राहिले. लाटा हळू झाल्या, दोन लाटांमधला वेळ वाढला. मग एक अर्ध्यावरच थांबली. मग काही नाही. काकूने तेव्हाच परात उचलली. "झालं," म्हणाली. "आता धुते."

तिने ती आतडी स्वतः धुतली, स्वतः भरली, स्वतः तळली. कुणाला हात लावू दिला नाही. जेवणाच्या चटईवर बदरीला तिने आपल्या समोर बसवलं आणि पहिला तुकडा आपल्या हाताने त्याच्या पुढ्यात ठेवला. शाजली जेवला, नस्सार जेवले, अस्रानही आला होता, तोही जेवला. बदरीने तुकडा तोंडात घातला. आणि नस्सारांमधला सर्वांत म्हातारा म्हणाला, "शाजलीच्या आई, आता तुम्हीही एक घास घ्या. म्हणजे गाठ बसली."

काकू दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती.

"घेतला असता हो," ती म्हणाली, इतक्या गोड आवाजात की मला घाम फुटला. "पण डॉक्टरांचं पथ्य आहे. तूप नाही, मुंबार नाही, मीठ तर मुळीच नाही. खोटं वाटत असेल तर विचारा. तुमचाच पोरगा आहे."

सगळ्या माना अस्रानकडे वळल्या. त्याने काकूकडे बघितलं. मग बापाकडे बघितलं. खोटं बोलला असता तर सगळं मिटलं असतं. पण ती आपली रोगी आहे आणि तो घास तिच्या पोटाला सोसणार नाही, हे त्याला माहीत होतं.

"हो," तो म्हणाला. "मीच मनाई केलीय."

"किती दिवस पाळायचं रे, बाळा?" काकूने विचारलं.

अस्रानने मान खाली घातली. "जन्मभर, मावशी."

काकू पुढे वाकली. "ऐकलंस ना, बदरी? जन्मभर." मग परात त्याच्याकडे सरकवून म्हणाली, "खा ना. थांबलास का?"

बदरीच्या तोंडात घास तसाच होता. गिळवत नव्हता आणि सगळ्यांसमोर थुंकताही येत नव्हता.